तेलोक आयरचा बाजार : एका अष्टकोनी मंडईचे सार्वजनिक भोजनस्थळात रूपांतर

सिंगापूरच्या व्यापारी पेठेत, रॉबिन्सन रोड आणि शेंटन वे यांच्या दरम्यान, बँका व विमा कंपन्यांच्या उत्तुंग इमारतींनी वेढलेली ओतीव लोखंडाची एक बैठी अष्टकोनी वास्तू आहे. सरकारदरबारी तिची नोंद ‘तेलोक आयर मार्केट’ अशी असली तरी लोकांच्या तोंडी ती ‘लाऊ पा सात’ म्हणजे हॉक्किएन या चिनी बोलीतील ‘जुना बाजार’ याच नावाने रुळली आहे. 1894 मध्ये मासळी, मांस आणि भाजीपाल्याची मंडई म्हणून सुरू झालेली ही इमारत 1972 पासून शिजवलेल्या अन्नाचे ठिकाण आहे, आणि चिनी, मलय व भारतीय वंशाचे विक्रेते तिथे एकाच छपराखाली चुली मांडून बसतात. जुन्या वास्तूचे मूळ रूप शक्य तितके राखून तिला काळाच्या गरजेप्रमाणे नवे काम देणे यास वास्तुजतनाच्या शास्त्रात ‘अनुकूल पुनर्वापर’ म्हणतात. या पद्धतीची आशियातील जी उदाहरणे अभ्यासावीत अशी आहेत, त्यांत या बाजाराची गणना अवश्य करावी लागते, कारण येथे वास्तूचे जतन आणि लोकांचे पोट या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आधाराने टिकल्या.

या संस्थेचा इतिहास इमारतीपेक्षा जुना आहे. 1819 मध्ये स्टॅमफर्ड रॅफल्स यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने सिंगापुरात ठाणे उभारले आणि 1822 मध्ये लेफ्टनंट फिलिप जॅक्सन यांच्या साहाय्याने नगररचनेचा आराखडा तयार करवला. त्या आराखड्यात युरोपीय, चिनी, तमिळ मुस्लिम (ज्यांना ‘चुलिया’ म्हणत), बुगी आणि अरब अशा प्रत्येक समाजासाठी वेगळा वसाहतीचा भाग नेमून दिला होता. वस्त्या वेगळ्या आखल्या तरी पोटापाण्याचा व्यवहार वेगळा राहू शकत नव्हता. तेलोक आयर हा तेव्हा प्रत्यक्ष समुद्राचा काठ होता, मलय भाषेत त्या नावाचा अर्थच पाण्याचे आखात असा आहे, आणि होड्यांतून येणारी मासळी व भाजी थेट उतरवून घेता यावी म्हणून तेथील पहिली लाकडी मंडई 1820 च्या दशकात पाण्याच्या कडेवरच बांधली गेली. मंडईजवळच्या तेलोक आयर स्ट्रीटवर चुलिया व्यापाऱ्यांची अल-अब्रार मशीद, तमिळनाडूतील नागोरच्या शाहुल हमीद या सूफी संताच्या स्मरणार्थ बांधलेला नागोर दर्गा आणि हॉक्किएन लोकांनी 1842 मध्ये पूर्ण केलेले, समुद्रदेवता माझूचे थिआन हॉक केंग मंदिर ही तिन्ही स्थाने आजही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. दूरचा समुद्रप्रवास करून जिवंत पोहोचलेली माणसे ज्या काठावर उतरली, तिथेच त्यांनी आपापल्या दैवताचे आभार मानले आणि तिथेच त्यांची बाजारपेठ वसली.

लाकडी मंडई फार काळ टिकण्यासारखी नव्हती. तिच्या जागी 1838 मध्ये जॉर्ज कोलमन यांच्या आराखड्यानुसार नवी मंडई पूर्ण झाली आणि अष्टकोन हा आकार या बाजाराच्या वाट्यास आला तो तेव्हापासून. कोलमन हे आयर्लंडचे वास्तुविशारद. सिंगापुरातील आर्मेनियन चर्च ही त्यांचीच रचना. सार्वजनिक बांधकामांचे अधीक्षक या नात्याने हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर पाठवलेल्या कैद्यांकडून रस्ते आणि भराव यांची कामे करून घेण्याची व्यवस्थाही त्यांच्याकडे होती. या कैद्यांत बंगाल आणि मद्रास इलाख्यांबरोबर मुंबई इलाख्यातील माणसेही असत, ही बाब मराठी वाचकाने ध्यानी ठेवण्यासारखी आहे. ज्या शहराच्या जडणघडणीचा वृत्तान्त सहसा गव्हर्नर आणि स्थापत्यकारांच्या नावांनी लिहिला जातो, त्याच्या पायाभरणीत या बेड्या घातलेल्या हातांचाही वाटा आहे.

1879 पासून तेलोक आयरचा समुद्र भराव घालून मागे हटवण्यात आला आणि त्या कामात कोलमन यांची मंडई गेली. आज पाहावयास मिळते ती इमारत नगरपालिकेचे अभियंता जेम्स मॅकरिची यांनी भरावाच्या नव्या जमिनीवर उभारली व ती 1894 मध्ये खुली झाली. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या विस्ताराचे कामही मॅकरिची यांनीच केले होते आणि तेथील मोठ्या जलाशयास पुढे त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्यापुढे कोरी जागा होती आणि हवा तो आकार निवडण्याची मोकळीक होती, तरीही त्यांनी कोलमन यांचा अष्टकोनच कायम ठेवला. बदलले ते साहित्य. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या ओतशाळांत तयार झालेले लोखंडी भाग जहाजाने सिंगापुरास आणून जोडण्यात आले. इमारत, जागा आणि साहित्य बदलूनही आकार टिकला, एवढ्यावरून हे उघड होते की या बाजाराची ओळख पहिल्यापासूनच दगडविटांपेक्षा त्याच्या मांडणीत होती.

ही मांडणी थोडी बारकाईने पाहणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व रूपांतराचे यश तिच्यावर अवलंबून होते. मध्यभागी घड्याळाचा मनोरा आहे. त्या केंद्रापासून आठ दिशांना वाटा फुटतात आणि इमारतीस बंद भिंती नसल्यामुळे रस्त्यावरून येणारा माणूस कोणत्याही बाजूने आत शिरू शकतो. सडपातळ खांबांच्या माथ्यावर पानाफुलांची नक्षी असलेले स्तंभशीर्ष, खांबांना जोडणाऱ्या कमानींच्या कोपऱ्यांत जाळीदार ओतकाम आणि पाखांच्या कडेने झालरीसारखी लोखंडी पट्टी असा सारा थाट व्हिक्टोरियन काळाचा आहे. छप्पर एकसंध नाही. ते टप्प्याटप्प्याने वर चढत जाते आणि दोन टप्प्यांमधील उभ्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंशावर असलेल्या या शहरात मासळी आणि मांस विकण्याच्या जागेस वारा, सावली आणि वाहते पाणी या तीन गोष्टी मिळणे हा आरोग्याचाच प्रश्न होता. पुण्याच्या महात्मा फुले मंडईतही मधला अष्टकोनी मनोरा आणि त्यापासून निघणारे पंख अशीच योजना आहे आणि तिचे बांधकामही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे, म्हणजे सर्व गाळे केंद्राशी सारखे जोडलेले ठेवण्याची ही कल्पना त्या काळच्या मंडई-बांधणीत चांगलीच मान्यता पावलेली होती.

पुढील सुमारे पाऊण शतक मंडई आपले नित्याचे काम करीत राहिली. भोवतालचे शहर मात्र बदलले. 1965 मध्ये स्वतंत्र झालेल्या सिंगापूरने शेंटन वे आणि रॉबिन्सन रोडचा परिसर आर्थिक व्यवहारांसाठी राखला, जुनी राहती वस्ती नव्या उपनगरांतील सरकारी घरांत हलू लागली आणि रोज सकाळी भाजी-मासळी घेणारी गिऱ्हाइके मंडईच्या आसपास उरली नाहीत. त्यांच्या जागी आले ते कार्यालयांत काम करणारे कारकून, हिशेबनीस आणि शिपाई, ज्यांना भाजी नव्हे तर दुपारचे जेवण हवे होते, आणि तेही खिशाला परवडेल अशा दरात.

त्याच काळात शहरापुढे दुसरा, याहून कठीण प्रश्न होता तो रस्त्यावर अन्न विकणाऱ्या फेरीवाल्यांचा. सिंगापुरात त्यांना ‘हॉकर’ म्हणतात. खांद्यावरच्या कावडीच्या एका टोकाला शेगडी आणि दुसऱ्या टोकाला वाडगे, किंवा ढकलगाडीवर कढई, असा त्यांचा संसार असे. नव्याने आलेल्या, भांडवल नसलेल्या स्थलांतरितास पोट भरण्याचा हा सर्वांत जवळचा मार्ग होता आणि कष्टकऱ्यांना स्वस्त अन्न मिळण्याचाही. परंतु नळाचे पाणी नाही, एकाच बादलीत सगळी भांडी विसळायची, खरकटे गटारात किंवा नदीत सोडायचे, यामुळे रोगराईची भीती कायम राहिली. 1950 मध्ये वसाहतीच्या सरकारने फेरीवाल्यांच्या प्रश्नावर चौकशी आयोगही नेमला होता. 1960 च्या दशकाच्या अखेरीस स्वतंत्र सरकारने सर्व फेरीवाल्यांची नोंदणी करून त्यांना परवाने दिले आणि 1971 पासून त्यांच्यासाठी ‘हॉकर सेंटर’ बांधण्यास सुरुवात केली. हॉकर सेंटर म्हणजे नळ, सांडपाण्याची सोय, कचऱ्याची व्यवस्था, ओळीने लहान गाळे आणि मध्ये सर्वांसाठी सामायिक मेज-बाके असलेली छपराची जागा. 1986 पर्यंत रस्त्यावरील फेरीवाल्यांचे पुनर्वसन पूर्ण झाले. अनेक शहरांनी फेरीवाल्यांना केवळ हुसकावून लावण्याचा मार्ग पत्करला असताना येथे त्यांना उद्योगासह जागा दिली गेली, हे या धोरणाचे मोठेपण मान्य केलेच पाहिजे. ते सक्तीने राबवले गेले आणि त्यात रस्त्यावरचे मोकळे जीवन संपले, हेही तितकेच खरे.

तेलोक आयरच्या बाजारात हे दोन्ही प्रश्न एकमेकांना भेटले. गिऱ्हाईक गमावलेली मंडई आणि जागा गमावलेले विक्रेते यांची सांगड घालून 1972 मध्ये इमारतीचे हॉकर सेंटर करण्यात आले. मंडईस जे लागते तेच स्वयंपाकासही लागते, म्हणजे धुता येणारी जमीन, उतार दिलेली गटारे, उंच छप्पर आणि चारही बाजूंनी वारा, हे लक्षात घेतले की हा निर्णय स्थापत्याच्या दृष्टीनेही किती सरळ होता ते कळते. त्यानंतरच्या वर्षी, 1973 मध्ये, नव्याने स्थापन झालेल्या स्मारक जतन मंडळाने देशातील पहिली आठ राष्ट्रीय स्मारके जाहीर केली आणि त्यांत सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल, श्री मारिअम्मन मंदिर, हज्जा फातिमा मशीद व थिआन हॉक केंग यांच्या पंगतीला या मंडईस स्थान मिळाले. पहिल्या आठांत बहुतेक प्रार्थनास्थळे होती. त्यांच्या बरोबरीने बाजार बसवला गेला, हे लक्षणीय आहे. क्रमही ध्यानात घ्यावा. आधी इमारतीला काम मिळाले आणि मग तिला कायद्याचे कवच मिळाले. रिकामी पडलेली वास्तू स्मारक म्हणून घोषित करणे आणि नंतर तिचे काय करायचे याचा विचार करीत बसणे, हा नेहमीचा उलटा क्रम येथे टळला.

कायद्याच्या कवचाची खरी परीक्षा 1986 मध्ये झाली. शहराच्या भुयारी रेल्वेचा मार्ग या भागातून जात होता. ओतीव लोखंड, म्हणजे वितळवून साच्यात ओतलेले लोखंड, वरून येणारा भार उत्तम पेलते. परंतु ते ठिसूळ असते आणि ताण किंवा धक्का बसला की वाकण्याऐवजी तडकते. खाली भुयार खणले जात असताना अशी इमारत जागेवर ठेवणे धोक्याचे होते. म्हणून बाजार बंद करून संपूर्ण लोखंडी सांगाडा सुटा करण्यात आला. सुमारे 3,000 भाग उतरवून गोदामात ठेवण्यात आले आणि भुयाराचे काम झाल्यावर ते पुन्हा त्याच जागी जोडले गेले. हे शक्य झाले याचे कारण मॅकरिची यांच्या काळातील बांधणीतच होते. ग्लासगोहून सुटे येऊन सिंगापुरात जोडली गेलेली इमारत शंभर वर्षांच्या आत पुन्हा सुटी करून जोडता आली. चुन्याच्या आणि दगडाच्या भिंतींना ही सवलत नसते. राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा नसता, तर त्या काळी शेंटन वेवर जमिनीला आलेला भाव पाहता हे भाग गोदामातून परत आले असते का, याविषयी शंका घेण्यास पुरेशी जागा आहे.

इमारत परत उभी राहिली, मात्र संस्था पूर्वीसारखी राहिली नाही. पुनर्बांधणीनंतरच्या व्यवस्थेचे काम खासगी कंपनीकडे सोपवण्यात आले आणि 1990 च्या दशकाच्या आरंभी बाजार पुन्हा खुला झाला तो ‘फेस्टिव्हल मार्केट’ म्हणून. जुन्या बाजाराच्या किंवा बंदराच्या इमारतीत खाद्यपदार्थ, हस्तकलेच्या वस्तू आणि करमणूक एकत्र आणून पर्यटकांना ओढण्याची ही कल्पना अमेरिकेतून आली होती, आणि बॉस्टन व बाल्टिमोर येथे तिचा बोलबाला झाला होता. ‘लाऊ पा सात’ हे लोकांच्या तोंडचे नाव अधिकृत पाटीवर चढले तेही याच पर्वात. या पर्वाविषयी निवाडा करताना सावध राहावे लागते. पर्यटनाचा पैसा नसता तर लोखंडाची डागडुजी कोणी केली असती, हा प्रश्न रास्त आहे. तथापि वस्तुविक्री आणि करमणूक येथे फारशी रुजली नाही व अन्नानेच पुन्हा सर्व जागा व्यापली, यावरून लोकांना या वास्तूकडून काय हवे होते ते स्पष्ट होते. 1995 मध्ये कॉपीटियाम या खाद्यगृहे चालवणाऱ्या कंपनीने व्यवस्था हाती घेतली, 2013-14 मध्ये इमारत बंद ठेवून दुरुस्ती, वायुवीजन आणि बैठकीत सुधारणा झाल्या, आणि 2018 मध्ये ती कंपनीच कामगार संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाशी निगडित असलेल्या एनटीयूसी एंटरप्राइझ या सहकारी स्वरूपाच्या संस्थेने विकत घेतली.

इथपर्यंतचा वृत्तान्त इमारतीचा झाला. या स्थळास ‘बहुसांस्कृतिक’ हे विशेषण ज्यामुळे लावता येते ते त्याच्या दैनंदिन व्यवहारात आहे. हैनान बेटावरून आलेल्यांच्या पद्धतीची कोंबडी आणि तिच्याच रस्स्यात शिजवलेला भात, नारळाच्या दुधातील तिखट लाक्सा, डुकराच्या चरबीत परतलेल्या रुंद शेवयांचा चार क्वे टिओ, तमिळ मुस्लिम स्वयंपाक्यांची मी गोरेंग, तव्यावर आपटून पसरवलेला रोटी पराठा आणि दक्षिणेकडील डोसा, हे सर्व काही पावलांच्या अंतरात मिळते. यांतील मी गोरेंग हा पदार्थ मुद्दाम पाहावा. शेवया चिनी, परतण्याची कढई चिनी, मिरचीचे वाटण मलय, आणि त्याला सिंगापुरात घरोघर पोहोचवणारे हात तमिळ मुस्लिमांचे. असा पदार्थ एखाद्या पाकशास्त्राच्या ग्रंथातून निघत नाही. शेजारच्या गाळ्यावर काय शिजते आहे हे रोज पाहणाऱ्या माणसाच्या हातून तो घडतो.

येथे सर्व जण एकच अन्न खात नाहीत, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. मुस्लिमांना डुकराचे मांस निषिद्ध, अनेक हिंदूंना व काही चिनी बौद्धांना गोमांस वर्ज्य, काहींना मांसच नको. हे नियम मोडून एकत्र बसावे अशी अपेक्षा कोणी केली नाही. नियम पाळूनही एका मेजाशी बसता यावे अशी व्यवस्था केली गेली. हलाल, म्हणजे इस्लामी धर्मनियमांप्रमाणे ग्राह्य, अन्न विकणारा गाळा तसे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावतो. सिंगापूरच्या हॉकर सेंटरांमध्ये हलाल अन्नाची ताटे व भांडी निराळी असतात, आणि जेवण झाल्यावर ती परत ठेवण्याच्या मांडण्याही निराळ्या असून त्यांवर तसे ठळकपणे लिहिलेले असते. मेजे मात्र वेगळी नाहीत. दुपारी गर्दीच्या वेळी अनोळखी माणसाच्या समोरची खुर्ची घेणे हा रिवाजच आहे, आणि जागा धरून ठेवायची तर कागदी रुमालाचे पाकीट मेजावर ठेवून रांगेत जायचे, हा अलिखित नियम बँकेचा अधिकारी आणि सफाई कामगार दोघेही सारखाच मानतात. 1964 मध्ये ज्या शहरात चिनी आणि मलय समाजांत रक्तरंजित दंगली झाल्या, त्या शहराने पुढील दोन दशकांत अशी सामायिक मेजे जागोजागी मांडली, या घटनेचे मोल सामाजिक इतिहासात मोठे धरले पाहिजे.

सायंकाळी इमारतीचा व्यवहार तिच्या हद्दीबाहेर पसरतो. बून टाट स्ट्रीटचा लगतचा भाग वाहनांसाठी बंद होतो, रस्त्यावर मेजे मांडली जातात आणि साते विकणाऱ्यांच्या शेगड्या पेटतात. साते म्हणजे हळद, धणे आणि गवती चहाच्या वाटणात मुरवलेले मांसाचे लहान तुकडे बारीक काडीत ओवून कोळशावर भाजलेला मलय पदार्थ. सोबत शेंगदाण्याची दाट, गोडसर-तिखट चटणी, काकडी, कच्चा कांदा आणि पानांच्या विणलेल्या पुडीत शिजवलेल्या भाताच्या वड्या. विक्रेता काड्यांची जुडी निखाऱ्यांवर धरून एका हाताने पंख्याने वारा घालतो आणि चरबी ठिबकून जाळ उसळला की जुडी उचलून फिरवतो. ज्या फेरीवाल्यांना 1970 च्या दशकात रस्त्यावरून आत आणले, त्यांच्याच धंद्याचा एक भाग नळ-गटाराच्या सोयीसह आणि ठरावीक वेळेपुरता का होईना, पुन्हा रस्त्यावर आला आहे.

16 डिसेंबर 2020 रोजी युनेस्कोने सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत केला. ‘अमूर्त वारसा’ म्हणजे इमारत किंवा वस्तू नव्हे, तर लोकांच्या हातातील कौशल्य, रीत आणि ते पुढे देण्याची परंपरा. ही मान्यता आली ते वर्ष या विक्रेत्यांसाठी अत्यंत खडतर होते, कारण महासाथीमुळे त्या वर्षी 7 एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत बसून जेवण्यास बंदी होती आणि कार्यालये घरून चालू लागल्याने व्यापारी पेठेतील दुपारचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले होते.

आज सिंगापुरातील हॉकरांचे वय सरासरीने साठीच्या घरात आहे. पहाटे रस्सा चढवायचा, दिवसभर जाळापुढे उभे राहायचे आणि एका वाडग्यामागे थोडासाच नफा घ्यायचा, हे काम शिकलेली मुले सहजी स्वीकारत नाहीत. सरकारने नवशिक्यांना अनुभवी विक्रेत्यांच्या हाताखाली तयार करण्याच्या आणि सुरुवातीस कमी भाड्याने गाळा देण्याच्या योजना 2018 नंतर सुरू केल्या आहेत. त्या मुख्यतः सरकारी हॉकर सेंटरांसाठी आहेत, आणि व्यापारी तत्त्वावर चालणाऱ्या लाऊ पा सातमध्ये गाळ्याचे गणित निराळे आहे. येथील भाडे वाढले की एका वाडग्याचा दर वाढतो, आणि दर वाढला की ज्या कारकुनासाठी 1972 मध्ये ही मंडई बदलली गेली तोच दारातून परत फिरतो. राष्ट्रीय स्मारकाचा कायदा खांब, कमानी आणि मनोरा यांना संरक्षण देतो. गाळेधारकाला आणि त्याच्या दराला तो संरक्षण देत नाही. या वास्तूच्या जतनाचा विचार करणाऱ्यांनी भाडे आणि शिकाऊ विक्रेत्यांची सोय या दोन बाबी लोखंडाच्या रंगरंगोटीइतक्याच गांभीर्याने जतनाच्या आराखड्यात घेतल्या पाहिजेत.